वाटून घेतलेलं आभाळ

(रेडिओवर झालेल्या बोलण्याचं हे लिखित रूप. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. मधला खेळ मात्र सगळ्यांनी मिळून खेळावा.)



उन्हाळ कांदा काढणीला आला की आपल्या येवला तालुक्यात घरोघरी एकच प्रश्न असतो, पाऊस येतोय का? काढलेला कांदा शेतात सुकत पडलेला असतो, चाळ अजून भरायची असते, आणि तेवढ्यात मोबाइलवर कुणीतरी काळ्या ढगाचं चित्र पाठवतं. २०२३ साली एप्रिलमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरच्या अखेरीस अवकाळी पावसाने आणि गारांनी नाशिक जिल्ह्यात काय केलं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

अंदाज आला की आपल्यात दोन तऱ्हा दिसतात. एक ताई म्हणते, "हे रोजच सांगतात, काही होत नाही." दुसरी घाबरून कच्चा कांदा उपटून टाकते. नुकसान दोघींचंही होतं. म्हणून आज आम्ही ठरवलं, की हा अंदाज तयार कसा होतो तेच समजून घेऊ. तो कसा केला हे कळलं, की त्यावर कितपत विसंबायचं तेही कळतं.

एका वाक्यात सांगायचं तर असं: आभाळाचे लहान लहान तुकडे करतात, एकेका संगणकाला थोडे थोडे तुकडे वाटून देतात, आणि प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याला विचारत विचारत आपलं गणित पुढे न्यायचं असतं.

एवढं मोठं गणित कशाचं?

हवा नियमाने वागते. तापलेली हवा वर जाते. जिथे दाब जास्त तिथून जिथे दाब कमी तिकडे वारा वाहतो. वाफ थंड झाली की तिचं पाणी होतं आणि तसं होताना उष्णता बाहेर पडते. हे नियम माणसाला शंभराहून अधिक वर्षं माहीत आहेत. अडचण आहे ती आकाराची. हवा सलग आहे, सगळ्या पृथ्वीभोवती पसरलेली आहे. तिच्या प्रत्येक ठिपक्याचा हिशेब कोण मांडणार?

म्हणून शास्त्रज्ञ तिच्यावर एक जाळी कल्पतात. चौकटींशेजारी चौकटी, आणि चौकटींवर चौकटींचे थर. प्रत्येक चौकटीसाठी मोजके आकडे लिहायचे: तापमान, दाब, ओलावा, वाऱ्याचा वेग आणि दिशा. मग नियम लावून काढायचं, की आणखी काही मिनिटांनी या चौकटीत काय असेल. ते दोन गोष्टींवर ठरतं. चौकटीत आत्ता काय आहे, आणि शेजारच्या चौकटींत काय आहे. उत्तर आलं की त्यावरून पुढची काही मिनिटं. असं पाऊल पाऊल टाकत दहा दिवसांपर्यंत जायचं. अशा गणिताच्या मांडणीला मॉडेल म्हणतात.

चौकट जितकी लहान, तितकं चित्र स्पष्ट. पण त्याची किंमत ऐका. चौकटीची बाजू १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटर केली, तर एका जुन्या चौकटीच्या जागी चार नव्या येतात. एवढ्यावर भागत नाही. चौकट लहान झाली म्हणजे वारा ती लवकर ओलांडतो. एका पावलात वारा शेजारची चौकट ओलांडून पार पलीकडे गेला तर गणिताला तो दिसतच नाही आणि आकडे भरकटतात. म्हणून वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं. चौकटी चौपट, पावलं दुप्पट. म्हणजे काम आठपट झालं. हे एका संगणकाच्या आवाक्यातलं नाही, वाटून घ्यायलाच हवं.

गटात करून पाहा: नऊ जणींचा खेळ

काम वाटलं की नेमकं काय होतं, ते पाटी-खडू घेऊन आपण पाहू शकतो.

एक लोखंडी सळई डोळ्यांसमोर आणा. तिचं एक टोक सतत ८० अंश गरम ठेवलंय, दुसरं टोक बर्फात, शून्य अंशावर. मधे उष्णता हवेत जात नाही असं धरू. सळईचे नऊ भाग केले. नऊ जणी ओळीत बसा, एकेक जण एकेक भाग.

पहिलीच्या पाटीवर कायम ८०. नववीच्या पाटीवर कायम ०. मधल्या सातजणींनी सुरुवातीला ० लिहायचं. टाळी वाजली की मधल्या प्रत्येकीने डावीकडचा आणि उजवीकडचा आकडा बघायचा, दोन्हींची बेरीज करून निम्मी करायची, आणि ती आपल्या पाटीवर लिहायची. एकच अट: सगळ्यांनी आधी बघून घ्यायचं, मगच पुसायचं.

पहिल्या टाळीला दुसरीकडे ४० येतील. दुसऱ्या टाळीला तिसरीकडे २०. तिसऱ्या टाळीला दुसरीचे ५० होतील आणि चौथीकडे १० पोचतील. चौथ्या टाळीला तिसरीकडे ३० आणि पाचवीकडे ५. ऊब कशी सरकत जाते, ते पाट्यांवर दिसतं. पुढे अर्धा-पाव आला तर तसाच लिहा. पन्नास-साठ टाळ्या झाल्या की आकडे जवळजवळ स्थिर होतात: ८०, ७०, ६०, ५०, ४०, ३०, २०, १०, ०. खऱ्या सळईतही असंच होतं, उष्णता सारख्या पायऱ्यांनी उतरत जाते.

आता गट तोडा. पहिल्या पाचजणी ओसरीवर, उरलेल्या चारजणी आतल्या खोलीत. काय अडतं? पाचवीला सहावीचा आकडा हवा, सहावीला पाचवीचा. बाकी कुणाचंच काही अडत नाही. म्हणून एका मुलीला चिठ्ठी घेऊन मधे पळवा. दर टाळीला फक्त दोन आकडे इकडून तिकडे गेले, तरी उत्तर अगदी आधीसारखंच येतं.

आणि ती मुलगी पळालीच नाही तर? ओसरीवरच्या बायका समजतात की सहावीकडे अजून शून्यच आहे. त्यांचे आकडे ८०, ६४, ४८, ३२, १६ असे बसतात. आतल्या खोलीतल्या समजतात की पाचवीकडे शून्य आहे, त्यांच्या पाट्यांवर शेवटपर्यंत शून्यच राहतं. पाचवीकडे खरं तर ४० हवेत, तिथे १६ दिसतात.

मैत्रिणींनो, यातली गोम लक्षात घ्या. ओसरीवर कुणाचीही बेरीज चुकलेली नाही. आकडे दिसायलाही नीटनेटके आहेत, सोळा-सोळाने उतरणारे. आत जाऊन विचारल्याशिवाय चूक कुणाला कळणारच नाही. काम वाटून घेतलं की चूक बहुधा सांध्यावर होते, आणि सांध्यावरची चूक आतून दिसत नाही.

पैठणीचा सांधा

हे आपल्या येवल्यात वेगळं समजावण्याची गरज नाही. पैठणीच्या पदरात मोर विणताना मोराच्या रंगाची कांडी वेगळी, वेलीची वेगळी, जमिनीची वेगळी. प्रत्येक रंग आपापल्या जागेपुरताच विणला जातो. पण जिथे दोन रंग भेटतात तिथे विणकर एका रंगाचा धागा दुसऱ्यात अडकवतो. तो अडकवला नाही, तर मोर सुबक, वेलही सुबक, आणि दोघांमधे फट. संगणकाचंही तसंच. प्रत्येकाने आपला तुकडा विणायचा, आणि दर पावलाला काठाचे आकडे शेजाऱ्यात अडकवायचे.

ही युक्ती संगणकाच्या आधीची आहे. हर्मान श्वार्ट्झ नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८७० मध्ये दाखवलं, की एखाद्या वेड्यावाकड्या आकारावरचं अवघड गणित दोन सोप्या आकारांत तोडता येतं. फक्त दोन्ही आकार एकमेकांवर थोडे चढलेले हवेत. एकाचं उत्तर काढायचं, त्याच्या काठाचे आकडे दुसऱ्याला द्यायचे, मग दुसऱ्याचे पहिल्याला, असं आलटूनपालटून करत राहिलं की दोन्ही मिळून बरोबर उत्तराकडे येतात.

चौसष्ट हजार माणसं

हवामानासाठी हा विचार पहिल्यांदा तपशिलात मांडला इंग्लंडच्या लुइस फ्राय रिचर्डसन यांनी. पहिल्या महायुद्धात ते जखमींना नेणारी गाडी चालवायचे. फावल्या वेळात त्यांनी युरोपातल्या एका जुन्या दिवसाचा, २० मे १९१० चा, सहा तासांचा अंदाज हाताने मांडून पाहिला. उत्तर साफ चुकलं. दाब फारसा हललेला नव्हता, आणि गणितात मात्र तो भलताच वाढला. रिचर्डसन यांनी ते लपवलं नाही. १९२२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी चुकलेलं उत्तर छापलं, आणि सोबत एक कल्पनाही मांडली.

नाट्यगृहासारखं एक प्रचंड मोठं गोल दालन. भिंतीवर पृथ्वीचा नकाशा. त्यात ६४ हजार माणसं बसलेली, प्रत्येकाकडे आपापल्या भागाचं गणित. प्रत्येकाचे आकडे शेजाऱ्यांना दिसतील असे लावलेले. मधोमध उंचावर एक मुख्य. कुठला भाग पुढे पळाला तर त्याच्यावर गुलाबी उजेड टाकायचा, कुठला मागे पडला तर त्याच्यावर निळा. सगळे एका तालात चालले पाहिजेत. आपला नऊ जणींचा खेळ म्हणजे त्याच दालनाचा एक कोपरा समजा.

त्या काळी ‘कॉम्प्युटर’ हा शब्द यंत्राला नव्हे, हिशेब करणाऱ्या माणसाला वापरत. त्यात बायका पुष्कळ असत. पुढे १९५० मध्ये अमेरिकेत एनिॲक नावाच्या यंत्रावर पहिला अंदाज काढला, तेव्हा त्या यंत्राला सूचना कशा द्यायच्या हे हवामानतज्ज्ञांना शिकवणारी आणि त्यांच्या सूचना तपासणारी एक बाईच होती, क्लारा फॉन नॉयमन. त्या गणितातल्या चौकटी ७३६ किलोमीटरच्या होत्या. आपला महाराष्ट्र जवळजवळ एका चौकटीत मावला असता. आणि एका दिवसाचा अंदाज काढायला जवळजवळ एक दिवस लागत होता. म्हणजे अंदाज हातात येईपर्यंत पाऊस पडूनही गेलेला.

आणि पुणे

आता आपल्याकडे या. १९८० च्या दशकात परदेशातून मोठा संगणक घेणं अवघड होतं. यंत्र महाग, आणि देणाऱ्यांच्या अटी अनेक. म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्याचं तत्त्व आपल्या गटासारखंच. एकच बलाढ्य यंत्र परवडत नाही ना, मग अनेक लहान यंत्रं एकमेकांना जोडा आणि काम वाटून द्या. आज जगातले सगळे महासंगणक याच तत्त्वावर चालतात.

पुण्यातच पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तिथे २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याहून मोठा ‘अर्का’ आला. अर्काची कमाल ताकद ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे एका सेकंदात अकरा हजार लाख कोटींहून अधिक आकडेमोडी. त्याच्या बळावर २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. आधी चौकट १२ किलोमीटरची होती, ती आपल्या भागासाठी ६ किलोमीटरवर आली.

देवाणघेवाणीच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या आहेत. काही मॉडेलमधे फक्त लगतच्या शेजाऱ्याशी बोलून भागतं. काहींत दर पावलाला सगळ्यांना सगळ्यांशी आकडे बदलून घ्यावे लागतात. पण शेजाऱ्याला न विचारता कुणाचंच चालत नाही.

वाटणीलाही मर्यादा असते

मग जितके जास्त संगणक तितकं बरं का? नाही. निंदणीला गेलेल्या बायकांना हे चांगलं माहीत आहे. प्रत्येकीने पात धरली, पण एकीच्या पातीत हरळी जास्त निघाली तर बाकीच्या बांधावर तिची वाट बघत बसतात. संगणकातही ज्याच्या तुकड्यात गडगडाटी ढग आले त्याचं काम वाढतं आणि बाकीचे ताटकळतात. म्हणून वाटणी जागेची सारखी असून पुरत नाही, कामाची सारखी व्हावी लागते.

दुसरी मर्यादा बोलण्याची. बारा बाय बाराच्या जाळीत १४४ चौकटी. चारजणींत वाटल्या तर प्रत्येकीकडे ३६. त्यातल्या २० काठावरच्या आणि १६ आतल्या. त्या आतल्या सोळांसाठी कुणालाही विचारायला नको. त्याच १४४ चौकटी छत्तीसजणींत वाटल्या तर प्रत्येकीकडे चार, आणि चारही काठावरच्या. काम थोडं, बोलणंच फार. एका एकरात दोनशे बाया उतरवल्या तर निंदणी होईल की गर्दी?

आपल्या शिवारासाठी याचा अर्थ

६ किलोमीटरची चौकट म्हणजे ३६ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे नऊ हजार एकर. तेवढ्या रानाला गणित एकच आकडा देतं. १२ किलोमीटरच्या चौकटीत तोच एक आकडा पस्तीस हजार एकरांना होता. म्हणजे सुधारणा मोठी आहे. पण गारांचा पट्टा कधी कधी एक-दोन किलोमीटरच रुंद असतो. चौकटीच्या आत तो नेमका कुणाच्या बांधावर उतरेल, हे गणित सांगू शकत नाही. अंदाज ऐकताना म्हणून पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, शब्द नीट ऐका. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या केंद्रांवर. तुरळक म्हटलं आणि अंदरसूलला पडला, पाटोद्याला नाही, तर अंदाज चुकला असं होत नाही.

दुसरी, जिल्ह्याचा अंदाज आपला समजू नका. एकाच नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि आपल्याकडे साधारण पाचशे. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाजही मिळू लागला आहे. ‘मेघदूत’ ॲपवर शेतीचा सल्ला आणि ‘दामिनी’वर विजेची सूचना मिळते. गटातल्या एकीने ते रोज बघून सगळ्यांना सांगायचं, असं ठरवून टाका.

तिसरी, रंग. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. पिवळ्याला कच्चा कांदा उपटायचं कारण नाही. मात्र ताडपत्रीने झाकता येईल तेवढाच काढा. नारंगी आला की काढलेला कांदा आधी आडोशाला न्या. गारांसाठी चार दिवसांच्या अंदाजापेक्षा त्याच दिवशी येणारी, रडारवरून दिलेली तीन तासांची सूचना जास्त कामाची.

तुम्ही विचारलेले प्रश्न

*अंदाज रोज बदलतो. मग सोमवारी सांगितलेल्याला काय अर्थ?*

सुरुवातीचा आकडा किंचित चुकला तरी फरक दिवसागणिक वाढत जातो. म्हणून एकाच दिवसाचं गणित सुरुवातीला थोडे थोडे फरक करून अनेकदा करतात. पुण्यातल्या एका पद्धतीत ते एकवीस वेळा होतं. एकवीसमधल्या बहुतेक वेळा पाऊस आला तर खात्री जास्त, मोजक्या वेळा आला तर कमी. म्हणून सोमवारचा अंदाज तयारीसाठी घ्या, आणि निर्णय आदल्या दिवशीच्या अंदाजावर घ्या.

*यात आमचा काय हातभार?*

मोठा. गणित कितीही मोठं असलं तरी नऊ हजार एकरांमधे तुमचं रान कसं वागतं, हे तुम्हीच सांगू शकता. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा एक डबा उघड्यावर ठेवा. झाडापासून, भिंतीपासून दूर. रोज सकाळी साडेआठला फूटपट्टीने पाणी मोजा आणि वहीत लिहून डबा रिकामा करा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. शेजारच्या गावातल्या गटालाही हेच करायला सांगा, आणि महिन्यातून एकदा वह्या शेजारी शेजारी ठेवून बघा. जिल्ह्याच्या अंदाजात पाऊस होता तेव्हा आपल्या गावात कितीदा पडला, शेजारी कितीदा, हे एका हंगामात कळू लागेल.

एकट्या गावाची वही म्हणजे ओसरीवरच्या पाचजणींच्या पाट्या. आकडे नीटनेटके दिसतील, पण शेजारच्या गावाची वही पाहिल्याशिवाय त्यातली चूक कळायची नाही. तेव्हा डबा ठेवला की शेजारच्या गावाला निरोप धाडायला विसरू नका.

पुढच्या बैठकीत नऊ जणींचा खेळ जरूर खेळा. कितव्या टाळीला आठवीकडे पहिल्यांदा शून्य सोडून दुसरा आकडा आला, ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.